पाण्याचे वंगण

मनुष्यदेहातील खुब्याचा सांधा कित्येक वातावरणांचा दाब झेलीत सत्तर-ऐंशी वर्षे अव्याहत चालतो, आणि त्याच्या कास्थींना ओलावा पुरविणारे द्रव्य मुख्यत्वे पाणीच असते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कारण नुसते पाणी हे वंगण म्हणून निकृष्ट होय. त्याची श्यानता अल्प असल्यामुळे दाब पडताच ते निसटून जाते व दोन पृष्ठभाग एकमेकांस भिडतात.

तेव्हा प्रश्न उरतो तो पाण्याला जागेवर धरून ठेवण्याचा, आणि त्याची तजवीज बहुवारिकांच्या लांब साखळ्या करू शकतात. साखळीचे एक टोक पृष्ठभागाशी जखडून अशा साखळ्या पुरेशा दाटीने बसविल्या, तर खाचरातील भाताच्या रोपांप्रमाणे त्या पाण्यात ताठ उभ्या राहतात. आणि त्यांच्यावर विद्युतभार असतील, तर प्रत्येक भाराभोवती पाण्याच्या रेणूंचे कवच जमते. हे कवच दाबाखाली सहजासहजी पिळून निघत नाही. परंतु त्यातील रेणू आपली जागा क्षणोक्षणी शेजाऱ्यांस देत असल्यामुळे ते प्रवाहीही राहते. बंधन आणि प्रवाहिता यांचा हा संयोग हेच या वंगणाचे मर्म होय.

इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील जेकब क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, धन व ऋण असे दोन्ही भार एकत्र वागविणाऱ्या साखळ्या अभ्रकाच्या अतिशय सपाट पृष्ठभागांवर उगवून ते पाण्यात एकमेकांवर सरकविले, तेव्हा सुमारे 75 वातावरणांपर्यंतच्या दाबाखालीही घर्षणांक 0.0004 इतका अल्प आढळला, असे त्यांनी 2009 साली प्रसिद्ध केले. निसरडेपणाबद्दल ख्यात असलेल्या टेफ्लॉनचा घर्षणांक याच्या निदान शंभरपट भरतो.

या संशोधनाचे मोल रुग्णालयात कळते. इंग्लंडचे शल्यविशारद जॉन चार्नली यांनी 1962 साली कृत्रिम खुब्यात पॉलिएथिलीनची वाटी बसविण्यास आरंभ केला आणि असंख्य रुग्ण पुन्हा चालू लागले. परंतु वाटी झिजून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे लगतचे हाड क्षीण होते, सांधा सैल पडतो आणि उतारवयात दुसऱ्या शस्त्रक्रियेची पाळी येते. टोकिओ विद्यापीठातील संशोधकांनी 2004 साली असे दाखविले की, पेशींच्या आवरणात आढळणारा आणि असेच दोन्ही भार वागविणारा फॉस्फोरिलकोलीन हा गट धारण करणारे बहुवारिक वाटीवर जडविल्यास झीज फार मोठ्या प्रमाणात घटते. आणि 2011 साली जपानमध्ये अशा वाटीला सरकारी मंजुरीही मिळाली. बदललेला सांधा रुग्णाला आयुष्यभर पुरावा, हीच या विद्येची खरी कसोटी असून, तीवर उतरण्याचा भरवसा वाटावा इतका भक्कम पाया तिने घातला आहे.