एका बेडकाची साक्ष

प्राणी व वनस्पती पृथ्वीवर सर्वत्र सारखे पसरलेले नाहीत. ज्याला जे हवामान मानवते तेथे तो जीव असावा, हे स्वाभाविक होय. परंतु केवळ हवामानाने या विभागणीचा उलगडा होत नाही. वाघ भारतातील उष्ण अरण्यांत आहे, आफ्रिकेतील उष्ण अरण्यांत नाही. म्हणून एखादा प्राणी कोठे जगू शकेल, याबरोबरच तो तेथे कसा आला, हेही पाहावे लागते. सह्याद्रीतील एका बेडकावरून ही गोष्ट चांगली ध्यानात येईल.

केरळातील इडुक्की जिल्ह्यात सापडलेल्या या बेडकाचे वर्णन बिजू व बॉस्युट या शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केले. त्याचे अंग जांभळट व फुगीर असून नाकाड निमुळते असते. बहुतेक वर्षभर तो जमिनीखाली राहून वाळवीवर उपजीविका करतो आणि पावसाळ्याच्या आरंभी प्रजननासाठी थोडे दिवस वर येतो.

आनुवंशिक द्रव्याची तुलना करता त्याचे सर्वांत जवळचे आप्त सेशेल्स बेटांवरील चिमुकले बेडूक ठरले. मध्ये जवळजवळ ३,००० किलोमीटर समुद्र आहे. बेडकाची त्वचा पातळ असते. खाऱ्या पाण्यात तिच्यावाटे शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. एवढा समुद्र पोहून जाणे त्याला शक्य नाही. मग हे आप्त इतके दूर कसे पडले?

याचे उत्तर असे की, बेडकांनी समुद्र ओलांडला नाही. त्यांच्या पायांखालची भूमीच दुभंगली. भूखंड सरकतात, हा विचार आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडला आणि पुढे समुद्रतळाच्या अभ्यासाने तो दृढ झाला. भारत व सेशेल्स हे गोंडवन या महाभूखंडाचे जोडलेले भाग होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते विलग झाले. भारत उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला. सेशेल्सचा तुकडा महासागरात मागे राहिला. तेथील मुख्य बेट प्रवाळाचे नसून भूखंडाला साजेशा ग्रॅनाइट खडकाचे आहे, ही गोष्टही या मताला पुष्टी देते.

या बेडकाच्या प्रदेशात कॉफी, वेलदोडे व आले यांच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले आहे. त्याचे कूळ सह्याद्रीबाहेर कोठेही नाही. ते नष्ट झाल्यास बाहेरून आणून त्याची जागा भरता येणार नाही, आणि भूमीच्या त्या प्राचीन प्रवासाचा एक जिवंत साक्षीदार कायमचा हरपेल.