तंबाखूच्या पानांत घडणारी लस

तंबाखूच्या जातीच्या झाडाकडून कर्करोगप्रतिबंधक लस करवून घेता येते, हे वर्तमान कानी पडताच पुष्कळांची अशी समजूत होते की, ते पान चघळावयाचे किंवा त्याचा काढा करून प्यावयाचा असावा. वस्तुस्थिती मात्र सर्वस्वी निराळी आहे. पानाच्या अंगी येथे कोणताही औषधी गुण गृहीत धरलेला नाही. पान हा केवळ कारखाना आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ मानवी पॅपिलोमा विषाणूत आहे, हे जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी सिद्ध केले व त्याबद्दल 2008 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या कवचाचे एल-1 हे एकच प्रथिन वेगळे निर्माण केले, तर त्याचे 360 रेणू आपोआप जुळून विषाणूसारखाच दिसणारा पोकळ गोल तयार होतो; त्यात विषाणूचे जनुकद्रव्य नसल्यामुळे लशीनेच कर्करोग जडेल, ही भीती निराधार ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस हेच प्रथिन यीस्टकडून करवून घेते.

यीस्टच्या जागी झाड योजण्याचा उद्योग केप टाउन विद्यापीठात एड रायबिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने चालवला. ऑस्ट्रेलियातील रानटी तंबाखूच्या पानांत मातीतल्या एका जिवाणूकरवी एल-1चे जनुक सोडावयाचे आणि थोड्याच दिवसांत पाने खुडावयाची, ही त्यांची रीत. हा बदल पानापुरताच राहतो, बीजात उतरत नाही, म्हणून शेतातील पिके बाटण्याची धास्तीही अनाठायी होय. नवलाची गोष्ट ही की, वनस्पतीच्या धाटणीला अनुसरून बेतलेल्या जनुकापेक्षा मानवी पेशींच्या धाटणीचे जनुकच अधिक फलदायी ठरले, आणि प्रथिन हरितलवकांत धाडण्याची तजवीज केल्यावर उत्पन्न आणखी वाढले. 2007 साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा वाटतो. निकोटिनसारखी द्रव्ये लशीत राहू नयेत म्हणून प्रथिन पुढे कसोशीने शुद्ध करावे लागते.

खाऊन घ्यावयाच्या लशीची कल्पनाही अगदीच हवेतली नव्हती. यकृताच्या कर्करोगास कारण होणाऱ्या हिपॅटायटिस-बी विषाणूचे प्रथिन धारण करणारे कच्चे बटाटे पूर्वी लस घेतलेल्या स्वयंसेवकांना खाऊ घातले असता अनेकांची प्रतिपिंडे वाढली, पण सर्वांची नव्हे. आणि बटाट्यागणिक प्रथिनाचे प्रमाण बदलत असता मात्रेची खात्री कोणी द्यावी?

झाडे वाढवणे स्वस्त, म्हणून लसही कवडीमोल होईल, हा तर्कही घाईचा आहे. कारण शुद्धीकरण, तपासण्या, शीतसाठा व सरकारी परवाना यांचा खर्च झाडामुळे टळत नाही. पॅपिलोमाविरुद्धची वनस्पतिजन्य लस आज बाजारात नाही. तिची वाट पाहत, हाताशी असलेली लस मुलीला टोचून घेण्याचे लांबणीवर टाकणे सर्वथा अनुचित होय.