देवळालीच्या तोफा आणि परदेशी शिष्य

देवळाली कॅम्पात किंवा भगूरला राहणाऱ्याला तोफेचा आवाज नवा नसतो. तावदानं थरथरतात, पण हातातलं काम थांबत नाही. पूर्वी काकूलला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात असलेलं तोफखान्याचं विद्यालय चाळीसच्या दशकात देवळालीला आलं. तेव्हापासून भारतीय तोफखान्याचे अधिकारी इथे घडतात आणि त्यांच्याच वर्गांत मित्रदेशांचे अधिकारीही बसतात.

निरीक्षण चौकीवरचा अधिकारी पहिला गोळा टाकून घेतो. तो लक्ष्याच्या पलीकडे पडला, तर पुढचा मुद्दाम अलीकडे पाडायचा. लक्ष्य दोन्हींच्या मध्ये सापडलं की अंतर निम्मं, पुन्हा निम्मं करत आणायचं आणि नेम बसला की साऱ्या तोफा एकदम डागायच्या. हे गणित कुठल्याही गणवेशातल्या माणसाला शिकवता येतं. पुढे ते कुणावर वापरलं जाईल, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून आपल्या सैनिकांनी परक्या सैन्यांना शिकवावं का, हा प्रश्न नाशिककरांच्या दारातलाच आहे.

मराठी मुलखाला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाला चाकरीत घेतलं. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या आणि १७९० मध्ये पाटण व मेडत्याच्या लढायांत त्यांनी नाव कमावलं. पुढे महादजी गेले, द बॉयन मायदेशी परतला, त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच शिंद्यांच्या चाकरीतले कितीतरी इंग्रज अधिकारी निघून गेले आणि पेराँही इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. पण त्याच वर्षी सप्टेंबरात, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. ते तोफांपाशीच मारले गेले. परका उस्ताद विद्या देऊ शकतो, निष्ठा ज्याची त्यालाच उभी करावी लागते.

स्वतंत्र भारत उस्तादाच्या भूमिकेत गेला तो लवकरच. १९५२ मध्ये नेपाळ सरकारच्या विनंतीवरून भारतीय लष्करी पथक काठमांडूला गेलं. राणा घराण्याच्या काळातलं सैन्य नव्याने बांधायचं होतं आणि काम लवकर आटपेल असा समज होता. पथक राहिलं अठरा वर्षं. दरम्यान नेपाळी माणसाच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली, की राजधानीत परक्या देशाचे वर्दीवाले आहेत. १९६९ मध्ये पंतप्रधान कीर्तिनिधी बिष्ट यांनी उघडपणे सांगितलं, आता परत जा. १९७० मध्ये पथक परतलं. दिल्लीला ते झोंबलं असणार. पण आपण निघालो, हेच या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल होतं असं मला वाटतं. दोन्ही देश आजही एकमेकांच्या लष्करप्रमुखाला मानद जनरल करतात. सैनिकी नातं टिकलं ते वेळेवर निघाल्यामुळे.

आफ्रिकेचा अनुभव अधिक बोचरा आहे. इथिओपियात हरारची लष्करी अकादमी भारतीय अधिकाऱ्यांनी उभी केली; १९६४ मध्ये नायजेरियात कडुना इथली संरक्षण अकादमीही. नायजेरियाचे अधिकारी आपल्याकडेही शिकायला येत. इब्राहिम बाबांगिदा १९६३ मध्ये डेहराडूनच्या अकादमीत होते, मुहम्मदु बुहारी १९७३ मध्ये वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात. १९८३ च्या अखेरच्या दिवशी लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवून बुहारींना सत्तेवर बसवलं. १९८५ च्या ऑगस्टमध्ये बाबांगिदांनी बुहारींनाच खाली खेचलं. दोघेही भारतात शिकलेले! ज्या डेहराडूनमधून निघालेले आपले अधिकारी कधी सत्तेकडे वळले नाहीत, त्याच संस्थेने तिकडे तो संस्कार पोचवला नाही. आपली लोकशाही शिबिराच्या सामानाबरोबर बांधून पाठवता येत नाही.

भूतानमध्ये मात्र पदरात चांगलं पडलं. ‘हा’ या ठिकाणचं भारतीय प्रशिक्षण पथक साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे आहे. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने स्वतः मोहीम काढून उल्फा आणि बोडो अतिरेक्यांचे तळ उठवले. लढले ते, आपण शिकवलं होतं. असंच व्हायला हवं.

याच्या उलट टोकाला श्रीलंका. ऐंशीच्या दशकात तमिळ बंडखोरांना भारतात शस्त्रशिक्षण मिळालं. १९८७ मध्ये भारताची शांतिसेना तिथे गेली आणि त्यांतल्याच ‘तमिळ वाघां’शी लढताना १९९० पर्यंत अकराशेहून अधिक जवान गमावून परतली. ज्यांच्यावर कुठल्याही सरकारचा लगाम नाही, त्यांच्या हाती विद्या दिली की ती उलटते. याला कुठलाही युक्तिवाद पुरत नाही.

अफगाणिस्तानात आपण लढायला फौज पाठवली नाही, ते योग्यच. त्यांचे कॅडेट इथे आले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि भारतात शिकणाऱ्या मुलांचं सैन्यच नाहीसं झालं. पुढच्या वर्षी त्यांतल्या ऐंशी जणांना वर्षभराच्या इंग्रजी अभ्यासक्रमाची सोय करून द्यावी लागली. शिष्य घेतला की त्याची जबाबदारीही येते, हे आपण निदान तेवढं पाळलं.

सिंगापूरची गोष्ट सरळ आहे. त्यांच्याकडे तोफा आहेत, मोकळी जमीन नाही. २००८ च्या करारानंतर त्यांचे तोफची देवळालीच्या माळावर सरावाला येतात. नोव्हेंबर २०२४ मध्येही ‘अग्नि वॉरियर’ हा सराव इथेच झाला. शक्यतो असंच असावं. शिकणाऱ्याने इकडे यावं. आपल्याला जायचंच असेल तर सरकारने बोलावल्यावर, थोड्या माणसांनिशी, मुदत ठरवून. आणि त्या देशात लष्कराने सत्ता बळकावली, तर शिकवणी त्याच दिवशी बंद.

आपल्या राज्यघटनेनुसार असं पथक पाठवायला संसदेची संमती लागत नाही, सरकार ठरवतं. निदान करार आणि मुदत तरी सभागृहापुढे यायला हवी. देवळाली ज्यांच्या मतदारसंघात आहे, त्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा आणि तो विचारायला नाशिककरांनी त्यांना भाग पाडावं.