ट्रॉलीचा टायर फाटला? भंगारात देण्याआधी हे वाचा

नरखेड, जलालखेडा, मोवाड पट्ट्यात संत्र्याचा हंगाम आला की ट्रॉल्यांचे टायर फुटू लागतात. टायरवाला "याला काही मिळत नाही भाऊ" म्हणतो आणि आपण मुकाट्याने नवा घेतो. थांबा! आधी वॉरंटी बघा.

वॉरंटी फक्त बनावटीतल्या दोषाला असते: साइडवॉलला आपोआप आलेला फुगा, पट्टा सुटणे, बीडजवळ (रिमवर बसणाऱ्या कडेजवळ) फाटणे. खिळा, दगडाचा काप, जादा माल, कमी हवा यांना नाही. हवा नसताना चालवलेल्या टायरच्या आत साइडवॉलवर गोल घासलेली रेघ उमटते. कंपनीचा तपासनीस आधी तीच शोधतो, त्यामुळे थापा मारून उपयोग नाही.

टायरवर चार आकडी शिक्का असेल तर तो वाचा. 2324 म्हणजे 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. टायर, पक्कं बिल आणि सीरियल नंबर घेऊन विक्रेत्याकडे जा, क्लेमची पोच लेखी मागा. मंजूर झाला तरी नवा टायर सहसा फुकट नसतो. गोटी जितकी शिल्लक, तितकी सूट. अर्धी झिजली तर साधारण अर्धी किंमत. मला हा हिशेब रास्तच वाटतो.

नाकारला तर कारण लेखी घ्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

बिलाची शाई उडते, आजच त्याचा फोटो काढून ठेवा.