गेलेली मिनिटं मार्कांनी भरून निघतात का?

आजचा विषय आहे परीक्षेतलं घड्याळ.

एक साधं गणित करू. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद! इथे 'येतं का' एवढंच बघत नाहीत, 'पटकन येतं का' हेही बघतात. मग कुणाची दहा मिनिटं वाया गेली, तर?

हे २०२४ च्या नीटमध्ये खरंच घडलं. ५ मे रोजी काही केंद्रांवर मुलांना पूर्ण वेळ मिळाला नाही. भरपाई म्हणून १,५६३ जणांना वाढीव मार्क दिले गेले. त्यासाठी वापरलेलं सूत्र क्लॅट या लॉच्या प्रवेश परीक्षेच्या २०१८ मधल्या प्रकरणातलं होतं. किती वेळ गेला आणि तुमचा उत्तरं देण्याचा वेग किती, यावर मार्क ठरले.

निकाल लागला आणि लोक चक्रावले. कुणाला ७१८, कुणाला ७१९! नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला उणे एक. ७२० पैकी एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. मधले आकडे येतीलच कसे?

खरी गोची सूत्रातच आहे. आपण पूर्ण पेपर एकाच वेगाने सोडवतो का? सोपे प्रश्न आधी उरकतो, अवघड मागे ठेवतो. शेवटच्या दहा मिनिटांत कुणी पाच प्रश्न सोडवेल, कुणी एकावरच अडकेल. न मिळालेल्या मिनिटांत तुम्ही काय केलं असतं, हे सूत्राला कसं कळणार?

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. वाढीव मार्क रद्द झाले. मुलांपुढे दोन पर्याय ठेवले: मूळ मार्क घ्या, नाहीतर फेरपरीक्षा द्या. २३ जूनला ८१३ जणांनी पुन्हा पेपर दिला. दीड महिना ताण सोसून पुन्हा तोच अभ्यास, आणि चूक त्यांची नव्हतीच!

याउलट दुसरा नियम बघा. लिहायला अडचण येणाऱ्या, लेखनिक घेण्याची मुभा असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना तासामागे किमान २० मिनिटं जास्त मिळतात. काहींना ही सवलत वाटते. पण ती मेहेरबानी नाही. मार्क फुकट मिळत नाहीत, उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. मिळतो तो फक्त वेळ.

वेळेची भरपाई वेळेनेच व्हायला हवी, आणि तीही त्याच दिवशी, त्याच वर्गात. म्हणून पेपर उशिरा हातात पडला तर गप्प बसू नका. वेळ बघा आणि तिथल्या तिथे पर्यवेक्षकांना सांगा.

भेटू पुढच्या भागात!