‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ : व्यायाम व अभ्यासकाचा दिनक्रम

विद्याव्यासंग आणि शरीरसंवर्धन यांचे सख्य असावे ही अपेक्षा जुनी आहे. प्रत्यक्षात मात्र ते क्वचितच आढळते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी असो वा अध्यापक, त्याच्या दिवसाचा बराचसा भाग खुर्चीवर जातो. वर्ग, ग्रंथालय, टिपणे, उत्तरपत्रिका, प्रबंधाची प्रकरणे आणि आता या सर्वांच्या जोडीला संगणकाचा पडदा, अशा व्यवसायात शरीराला काम असे फारसे उरत नाही. व्यायाम का होत नाही, असे विचारले असता येणारे उत्तर जवळजवळ ठरलेले असते : ‘वेळ मिळत नाही.’ हे उत्तर खरे की खोटे हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून त्याची रचना प्रथम पाहावी, हे भाषाभ्यासकास शोभण्यासारखे आहे. ती पाहता पाहता अडचणीतून बाहेर पडण्याचा मार्गही काही अंशी दिसू लागतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एक शब्द, दोन लिंगे

मराठीतील ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत वावरतो. ‘फार वेळ गेला’, ‘थोडा वेळ थांबा’, ‘वेळ मिळाला तर येईन’ या वाक्यांत तो पुल्लिंगी आहे. ‘जेवणाची वेळ झाली’, ‘गाडीची वेळ चुकली’, ‘अशी वेळ पुन्हा येणार नाही’ या वाक्यांत तो स्त्रीलिंगी आहे. हा भेद केवळ लिंगाचा नव्हे, अर्थाचाही आहे. पुल्लिंगी ‘वेळ’ म्हणजे कालाचा विस्तार, मोजता येणारे परिमाण. स्त्रीलिंगी ‘वेळ’ म्हणजे कालप्रवाहातील ठरलेला बिंदू किंवा प्रसंग. संस्कृतातील ‘वेला’ हा शब्द स्त्रीलिंगीच असून सीमा, मर्यादा, समुद्राचा किनारा हेही त्याचे अर्थ आहेत. एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते ती रेषा, ही छटा ‘ती वेळ’ या प्रयोगात अजूनही जाणवते. दैनंदिन बोलण्यात हा भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातो असे नाही. तथापि त्याचे सामान्य स्वरूप निःसंशय आहे.

आता व्यायामाविषयीची तक्रार पाहावी. ती नेहमी पुल्लिंगी वेळाची असते. ‘व्यायामाला वेळ नाही’ असे म्हणतात. ‘व्यायामाची वेळ टळली’ असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण टळण्याजोगी वेळ मुळात ठरलेलीच नसते. जेवणाची वेळ असते, तासाची वेळ असते, गाडीची वेळ असते. या कामांना दिवसात स्वतःचे स्थान आहे. व्यायामाला मात्र ‘उरलेला वेळ’ देऊ केलेला असतो. आणि व्यग्र माणसाच्या दिवसात काहीही उरत नाही, हीच त्याच्या व्यग्रतेची व्याख्या होय.

विभक्तीचा भेदही येथे सूचक आहे. ‘व्यायामाला वेळ’ या रचनेत वेळ दुसऱ्याच्या मालकीचा असून तो व्यायामास देणे वा न देणे हे त्या मालकाच्या मर्जीवर असते. ‘व्यायामाची वेळ’ या रचनेतील षष्ठीने ती मालकीच व्यायामाकडे जाते.

२. ‘मिळणे’ आणि ‘काढणे’

‘वेळ मिळणे’ या प्रयोगात मनुष्य चतुर्थीत येतो : ‘मला वेळ मिळाला.’ वाक्याचा व्याकरणिक कर्ता ‘वेळ’ होय. मनुष्य हा केवळ प्राप्तकर्ता. याउलट ‘मी वेळ काढला’ या वाक्यात मनुष्य कर्ता ठरतो. अर्थात व्याकरणावरून माणसाचे वर्तन ठरते असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे होईल. चतुर्थी योजणारे लोकही नेमाने व्यायाम करतातच. परंतु प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या दोन क्रियापदांत स्पष्टपणे निराळ्या झाल्या आहेत, हे मान्य करावयास हवे.

‘काढणे’ हे क्रियापद स्वतः फार सावधपणे वापरावयाचे आहे. विहिरीतून पाणी काढतात, गर्दीतून वाट काढतात. तेथे साठा आणि श्रम ही दोन्ही गृहीत असतात. पण ‘दिवस काढणे’ म्हणजे कसेबसे सोसणे, आणि ‘वेळकाढूपणा’ म्हणजे तर चालढकल! वेळ काढणारा मनुष्य उद्योगी, तर वेळकाढू मनुष्य टाळाटाळ करणारा, असा विलक्षण विरोध एकाच क्रियापदाने मराठीत निर्माण केला आहे. ‘पुढच्या सत्रापासून व्यायामासाठी वेळ काढू’ असा संकल्प ज्यांनी वर्षानुवर्षे केला आहे, त्यांना या दोन अर्थांतील अंतर किती थोडे आहे याचा अनुभव असेलच.

साठ्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर ते करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जातात, असे आढळले. म्हणजे ‘वेळ मिळत नाही’ हे एकच वाक्य दोन व्यक्तींच्या तोंडी सारखेच खरे असत नाही. एकाच विभागातील अध्यापक आणि अध्यापिका यांना एकच उपदेश करणारा मनुष्य हा फरक विसरतो. एखाद्या घरात व्यायामासाठी वेळ काढावयाचा तर प्रथम कामाची वाटणी बदलावी लागते. तेथे ‘काढणे’ हे क्रियापद एकट्या व्यक्तीने चालवावयाचे नसते.

३. हा वेळ किती?

पुल्लिंगी वेळाची गरज वास्तविक किती आहे, हेही पाहणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची, अथवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र श्रमाची हालचाल असावी. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम असावा. आठवड्याची एकूण मिनिटे १०,०८०. त्यांतील १५० म्हणजे सुमारे दीड टक्का, दिवसाला साधारण २१ मिनिटे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, २०१० च्या तत्त्वांत हालचाल सलग किमान १० मिनिटांची असावी अशी अट होती. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, हे आता मान्य झाले आहे.

या विचाराची मुळे लंडनमधील एका प्रसिद्ध संशोधनापर्यंत जातात. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. मॉरिस यांची शास्त्रीय सचोटी अशी की, १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवून दिले की चालकांच्या कमरेचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच अधिक असे. तेव्हा सगळा फरक जिन्याच्या पदरी टाकता येत नाही. ही मर्यादा मानूनही एक गोष्ट उरते. त्या वाहकांनी व्यायामासाठी वेगळा वेळ काढलेला नव्हता. त्यांच्या हालचाली कामातच विणलेल्या होत्या. अभ्यासकाचे काम याच्या अगदी उलट असल्याने, जे त्यांना आपोआप लाभले ते येथे योजून आणावे लागते.

प्रमाणाविषयी आयुर्वेदाचे मतही येथे स्मरणीय आहे. वाग्भटाच्या ‘अष्टाङ्गहृदया’त सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा असून व्यायामाचा विचार त्यातच येतो; म्हणजे शौच, दंतधावन, स्नान यांच्या रांगेतच त्याला बसविले आहे. तेथे सांगितलेला व्यायाम अर्ध्या शक्तीचा आहे. सारे बळ खर्च करून दमून जाणे हा त्याचा उद्देश नव्हे.

४. संकल्पाची वाक्यरचना

इच्छा असूनही कृती का होत नाही, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. ‘अमुक करीन’ हा केवळ उद्देश. ‘अमुक प्रसंग आला की अमुक करीन’ ही कृतीची योजना. दुसऱ्या प्रकारात कृतीची सूत्रे इच्छेच्या हातून निघून प्रसंगाच्या हाती जातात. इंग्लंडमध्ये मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. पुढील आठवड्यात एकदा तरी २० मिनिटे जोराचा व्यायाम करावयाचा होता. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांपैकी ३८ टक्के, ज्यांना व्यायामाचे महत्त्व पटविले होते त्यांपैकी ३५ टक्के, आणि ज्यांनी दिवस, वेळ व स्थळ लिहून ठेवले होते त्यांपैकी ९१ टक्के विद्यार्थ्यांनी तो केला. महत्त्व पटल्याने कृतीत भर पडली नाही. स्त्रीलिंगी वेळ ठरविल्याने पडली. प्रयोग एका आठवड्यापुरता होता, हे अर्थात विसरता कामा नये.

अशा योजनेसाठी मराठीची साधने विपुल आहेत. ‘-ल्यावर’, ‘-ताच’, ‘-ण्यापूर्वी’, ‘-ताना’ ही धातुसाधिते एका कृतीला दुसरीच्या कडेशी बांधतात. ‘सकाळी व्यायाम करावा’ हे वाक्य हवेत राहते. ‘चहाचे आधण ठेवल्यावर दहा बैठका’, ‘दुपारचा तास संपताच ग्रंथालयापर्यंत चालत’, ‘स्नानापूर्वी बारा सूर्यनमस्कार’, ‘दूरध्वनीवर बोलताना येरझारा’ ही वाक्ये आधीपासून पक्क्या असलेल्या खुंटीला अडकविलेली आहेत. खुंटी जितकी रोजची, तितकी गाठ पक्की. ‘लेखन संपल्यावर’ ही खुंटी मात्र निरुपयोगी. कारण अभ्यासकाचे लेखन संपत नसते.

अशी गाठ सवयीत उतरण्यास किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ मध्यमानाने ६६ दिवसांचा आढळला; व्यक्तिपरत्वे तो १८ ते २५४ दिवस असा बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत विशेष बाध येत नाही, असेही त्यात दिसून आले. परीक्षेच्या आठवड्यात खंड पडला म्हणून सर्वच सोडून देणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानी ठेवावा.

५. दोन उदाहरणे

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे आढळतात. लोकमान्य टिळकांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील आपले पहिले वर्ष प्रामुख्याने शरीर कमावण्यात घालविले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत अपयश पत्करले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कमावलेली प्रकृती त्यांना पुढे मंडालेच्या कारावासापर्यंत उपयोगी पडली. परंतु वर्षच्या वर्ष बाजूस काढणे हे उत्तर अपवादात्मक होय. शिष्यवृत्तीची मुदत मोजणाऱ्या विद्यार्थ्यास ते परवडणारे नाही. दुसरे उत्तर औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे. राज्यकारभार, चित्रकला व कीर्तन यांत गुंतलेल्या या पुरुषाने सूर्यनमस्कार हा आपल्या नित्यक्रमाचा भाग केला आणि संस्थानातील शाळांतूनही तो रुजविला. सतरंजीएवढी जागा, उपकरण काही नाही, आणि सकाळची ठरलेली वेळ : यात मोठा विस्तार हुडकावा लागत नाही, बिंदू तेवढा सांभाळावा लागतो.

६. उपसंहार

‘व्यायाम’ हा शब्द ‘यम्’ या धातूपासून, ‘वि’ आणि ‘आ’ या उपसर्गांनी सिद्ध झाला आहे. ताणणे, विस्तारणे हा त्याचा मूलार्थ. ‘आयाम’, ‘प्राणायाम’, ‘संयम’ आणि ‘नियम’ ही सर्व त्याच धातूची अपत्ये होत. व्यायाम आणि नियम ही सख्खी भावंडे आहेत, हे सांगण्यास निरुक्तीचीच साक्ष पुरते. त्यांचा सोबती ‘कसरत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. तेथे त्याचा मूळ अर्थ विपुलता. पुन्हा पुन्हा केल्याने जे साधते ते कसरत. आणि ‘तालीम’ म्हणजे तर मुळात शिक्षणच. मराठीने तो शब्द कुस्तीच्या आखाड्यास दिला, तेव्हा शरीराचे शिक्षण हेही शिक्षणच होय हा निवाडा तिने करून टाकला.

तेव्हा व्यग्र अभ्यासकाने ‘तो वेळ’ शोधीत बसू नये. तो सापडावयाचा नाही, आणि सापडलाच तर एखादे टिपण त्यावर आधीच हक्क सांगेल. त्याने ‘ती वेळ’ ठरवावी, रोजच्या एखाद्या खुंटीला ती बांधावी, आणि विभागाच्या वेळापत्रकात तासांना जसे रकाने असतात तसा एक लहानसा रकाना तिच्यासाठी आखावा. एकवीस मिनिटांचा रकाना फार मोठा नसतो. तो आखलेला असावा लागतो, इतकेच.