अपघाताचा क्लेम: वकील कसा निवडायचा आणि सही कधी करायची

(ताज्या भागाचा हा लिखित मसुदा. बोलताना पन्नास वेळा आलेलं ‘म्हणजे’ काढलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आधीच सांगतो, मी वकील नाही. मी कोड लिहितो. पण गेल्या वर्षी माझ्या मावसभावाच्या बाइकला टेम्पोने धडक दिली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचे काही महिने मी ऑफिसपेक्षा जास्त वेळ कोर्टाच्या आवारात काढलाय. त्यातून जे कळलं, ते आज सांगतो.

भाऊ एसी टेक्निशियन आहे, वय 24. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक माणूस आला. गोड बोलला. “क्लेमचं सगळं आपण बघतो, आत्ता एक रुपया देऊ नका. पैसे आले की 30 टक्के आमचे.” मावशीला वाटलं, देवमाणूस भेटला. भावाने वकीलपत्रावर सही केली, आणि सोबत चार कोऱ्या कागदांवर पण. तो माणूस वकील नव्हताच, एजंट होता. वकिलाचं तोंड आम्ही दोन महिन्यांनी पाहिलं.

टक्केवारी चालते का?

सगळेच घेतात, असं तुम्हाला दहा जण सांगतील. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय: निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवायची नाही, आणि मिळालेल्या रकमेत वाटाही मागायचा नाही. अमेरिकेत अशा केसेस टक्क्यांवरच चालतात, सिरीजमध्ये आपण तेच बघतो, म्हणून आपल्याला ते नॉर्मल वाटतं. आपल्याकडे तो नियमभंग आहे. माणसं पाठवून काम मिळवणं, हेही वकिलांना मना आहे. म्हणजे वॉर्डातल्या त्या पाच मिनिटांत दोन नियम मोडले गेले होते आणि आम्ही वर त्याला चहा पाजला.

मग फी कशी ठरवायची? ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने: अर्ज दाखल करताना थोडी, साक्षी-पुराव्याच्या वेळी थोडी, शेवटच्या युक्तिवादाला उरलेली. टायपिंग, झेरॉक्स, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, हे आधी विचारा. सगळं लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी.

पैसे नसतील तर?

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. हेल्पलाइन नंबर आहे 15100. हे मावशीला त्या दिवशी माहीत असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

वकील नेमकं करतो काय?

रस्ते अपघाताचा दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथेही तो टाकता येतो. समोर असतात गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीच देते, आणि तिचा वकील रोज हेच काम करत असतो.

आता गणित बघा, हा भाग मला माझ्या कामामुळे पटकन कळला. भावाचं उत्पन्न महिना 20,000 धरू, म्हणजे वर्षाला 2,40,000. स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवतात. हे सुप्रीम कोर्टाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात ठरवलंय. झाले 3,36,000. पुढे वयानुसार गुणक लागतो, तो 2009 च्या सरला वर्मा निकालातला. 15 ते 25 वयाला 18.

उरला एकच आकडा: कमाईची ताकद किती टक्के गेली? डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात भावाचं अपंगत्व होतं 15 टक्के. पहिल्या वकिलाने तोच आकडा उचलला. हिशोब येतो 9,07,200. पण 2011 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात कोर्ट म्हणतं, शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. भावाला शिडीवर चढून आउटडोअर युनिट उचलावं लागतं. त्याचं नुकसान 30 टक्के आहे हे सिद्ध झालं, तर तोच हिशोब होतो 18,14,400. औषधोपचार, बुडालेले महिने, वेदना, पुढचं ऑपरेशन, हे सगळं वेगळं.

फक्त एक आकडा बदलला आणि फरक पडला 9 लाखांचा. वकिलाची खरी किंमत इथे कळते.

म्हणून माझ्या मते निवडीची कसोटी सोपी आहे. पहिल्या भेटीत वकील तुमच्या कामाबद्दल विचारतो का? आम्ही नंतर ज्या वकीलबाईंकडे गेलो, त्यांनी भावाला बसवलं आणि विचारलं, “दिवसात किती जिने चढायचास? आता किती चढतोस? ज्यांच्याकडे काम करायचास, त्यातलं कोणी साक्ष द्यायला येईल?” टक्क्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

वकील बदलता येतो?

येतो. पहिल्या वकिलाची ना हरकत घ्यायची आणि नवीन वकीलपत्र द्यायचं, ही नेहमीची पद्धत. तो म्हणाला, “आधी पैसे, मग फाइल” तर? सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय की फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. हे शांतपणे सांगितलं आणि आमची फाइल दोन दिवसांत मिळाली. कोरे कागद मात्र परत मागून, मोजून घेतले. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करता येते.

तुमच्या हातात काय?

1. मुदत. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

2. कागद. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल. आणि उत्पन्नाचा पुरावा: बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी, रिटर्न. ओरिजिनल देण्याआधी स्कॅन करून ठेवा.

3. सनद. वकिलाचा सनद क्रमांक विचारा. खरा वकील रागावत नाही.

4. ट्रॅकिंग. दावा दाखल झाला की सीएनआर नंबर मागा, 16 अक्षर-अंकांचा असतो. ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि आधी काय झालं ते दिसतं. आमच्या पहिल्या वकिलाचं “चालू आहे, चालू आहे” किती खरं होतं, ते इथेच कळलं.

5. लोकअदालत. तडजोड लवकर होते, पण तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. आकडा पटला तरच सही करा.

भावाचा निकाल अजून लागलेला नाही. परवा त्याची साक्ष झाली. बाहेर आल्यावर म्हणाला, “दादा, पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या कामाबद्दल इतकं विचारलं.”

तुमच्या ओळखीत कोणी आत्ता हॉस्पिटलमध्ये असेल, तर हा भाग आजच पाठवा. आणि त्यांना एवढंच सांगा: सलाइन चालू असताना कशावरही सही करायची नाही.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.